फलकाला काठी लावू नका

वाचकाचं पत्र:

आम्ही कोथरूड-कर्वेनगर भागातले बारा-पंधरा जण. काही निवृत्त, काही नोकरदार, तीन कॉलेजची मुलं. पक्षबिक्ष कुठला नाही. पोलीस कोठडीतली मारहाण आणि खटला न चालवता माणसं आत ठेवणं, याविरुद्ध २६ जूनला उभं राहायचं ठरतंय. अमेरिकेत ग्वांतानामोच्या तुरुंगाविरुद्ध लोक नारंगी कपडे आणि डोक्यावर काळी पिशवी घालून उभे राहतात, तसंच गुडलक चौकात करू असा मुलांचा हट्ट आहे. दुसरं, आमच्या ओळखीच्या एका मुलाला मे महिन्यात दोन रात्री चौकीत ठेवून मारलं. नोंद कुठेच नाही. त्याचं नाव फलकावर लिहावं का? परवानगी कशी काढायची? आणि मुलांच्या पासपोर्टचं काय, ही घरच्यांची धास्ती आहेच.
— एक वाचक, कोथरूड

उत्तर:

आधी त्या मुलाचं बघा. निदर्शनं महिनाभर पुढे गेली तरी बिघडत नाही, अंगावरचे वळ मात्र थांबत नाहीत. काळानिळा डाग आठवड्याभरात हिरवट-पिवळा पडतो आणि दोन-तीन आठवड्यांत बहुतेक मावळतो. त्याला अजून डॉक्टरकडे नेलं नसेल तर हे वाचून झाल्यावर लगेच ससून रुग्णालयात घेऊन जा आणि ‘एमएलसी करा’, म्हणजे पोलीस-कोर्टाच्या कामी येणारी वैद्यकीय नोंद करा, असं स्पष्ट सांगा. घाबरून ‘जिन्यावरून पडलो’ म्हणायचं नाही. कागदावर एकदा ते उतरलं की पुढे प्रत्येक जण त्याच ओळीवर बोट ठेवतो. कुठे, कधी, कशाने मारलं हे मुलाने स्वतःच्या तोंडाने सांगावं आणि प्रत्येक खुणेची जागा, सेंटिमीटरमध्ये लांबी-रुंदी आणि रंग लिहायची विनंती करावी. डॉक्टर घाईत असतात, त्यामुळे दोन ठिकाणं आवर्जून दाखवायची. एक, तळपाय. तळव्यांवर मारलेलं वरून दिसत नाही, पण टाच टेकवून चालता येत नाही. दुसरं, कान. कानशिलात जोरात बसली तर पडदा फाटू शकतो आणि लहान छिद्र काही आठवड्यांत आपोआप भरूनही येतं, म्हणजे पुरावा गेला. ईएनटीची तपासणी मागून घ्या. झोप उडालीय, बुटांचा आवाज आला की दचकतो, असं काही असेल तर मानसोपचारतज्ज्ञाची नोंदही तितकीच कामाची.

फोटो दिवसाउजेडी, फ्लॅश बंद ठेवून. आधी चेहऱ्यासकट पूर्ण अंग, मग शेजारी मोजपट्टी धरून जवळून. एक दिवसाआड पुन्हा. हे फोटो व्हॉट्सॲपवर फिरवू नका. एक तर मुलाची बेअब्रू, शिवाय त्यात मूळ फाइलमधली तारीख-वेळेची माहिती निघून जाते. मूळ फाइल फोनमध्येच राहू द्या, कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं तेव्हा फोनही लागतो. रक्ताचे डाग पडलेले कपडे धुवायचे नाहीत. सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये कुजतात.

आता सीसीटीव्ही. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात सांगितलं की प्रत्येक पोलीस ठाण्यात दारं, लॉकअप, पॅसेज असे सगळे भाग कॅमेऱ्यात आले पाहिजेत आणि चित्रण १८ महिने, ते जमत नसेल तर निदान एक वर्ष जपलं पाहिजे. आदेश ठाण्यांबद्दल आहे. चौकीत कॅमेरा नव्हता असं उत्तर येईल हे धरून चाला आणि चौकी ज्या ठाण्याखाली येते तिथलंही चित्रण मागा, कारण मुलाला केव्हातरी तिथे नेलं असण्याची शक्यता असते. दोन वेगळे कागद करा: एक पत्र ‘अमुक तारखेच्या अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंतचं चित्रण जतन करा’ एवढंच सांगणारं, वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे, प्रत पोलीस आयुक्तांना, आणि दुसरा माहिती अधिकाराचा अर्ज, चित्रणाची आणि त्या दोन दिवसांच्या स्टेशन डायरीची प्रत मागणारा. ‘कॅमेरा बंद होता’ असं आलं तर पुढचा अर्ज कॅमेरा बिघडल्याची तक्रार कधी केली, दुरुस्ती कधी झाली, याचा. इथेच बऱ्याच कहाण्या लटपटतात.

कबुलीसाठी मारहाण हा आजही गुन्हा आहे: भारतीय न्याय संहितेचं कलम १२०, साध्या दुखापतीला ७ वर्षांपर्यंत, गंभीर दुखापतीला १० वर्षांपर्यंत शिक्षा. ठाण्यात तक्रार घेत नसतील तर आयुक्तांकडे लेखी द्या आणि वकिलामार्फत शिवाजीनगरला दंडाधिकाऱ्यांपुढे खासगी तक्रार करा. राज्य मानवी हक्क आयोगाचा रस्ताही खुला आहे, पण घटनेपासून एक वर्षाच्या आत. वकिलाची ऐपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन १५१०० आहे.

आणि नाव? लिहू नका. त्या घराला त्याच हद्दीत राहायचंय. मुलगा अठराच्या आतला असेल तर त्याची ओळख उघड करायला कायद्यानेच बंदी आहे. सज्ञान असला तरी त्याची आणि घरच्यांची लेखी संमती हवी आणि त्याच्या वकिलाने फलकावरचा मजकूर आधी पाहिलेला हवा. आंदोलनाला चेहरा मिळावा म्हणून त्याला पुढे करायचं, हे आम्हाला पटत नाही. तो स्वतः उभा राहतो म्हणाला तर गोष्ट वेगळी.

आता निदर्शनांकडे येऊ. तुमच्या पत्रात तीन गोष्टींची सरमिसळ झालीय आणि ती फलकावर उतरली तर डेक्कनवरून फिरायला निघालेला पहिलाच निवृत्त वकील तुम्हाला आडवा येईल. पहिली गोष्ट कोठडीतला छळ. त्यावर भारतात वेगळा कायदा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर आपण ऑक्टोबर १९९७ मध्ये सही केली, पण त्याला अनुमोदन आजवर दिलेलं नाही. २०१० साली लोकसभेने छळ प्रतिबंधक विधेयक मंजूर केलं, राज्यसभेत ते प्रवर समितीकडे गेलं आणि पुढे बारगळलं. विधी आयोगाने २०१७ च्या २७३ व्या अहवालात पुन्हा कायद्याचा मसुदा दिला. तुमची मागणी इथे तयार सापडते: करार मान्य करा, कायदा करा.

दुसरी, खटल्याविना स्थानबद्धता. ‘सराईत गुंड एक वर्षासाठी स्थानबद्ध’ ही पुण्याच्या पेपरात नेहमी दिसणारी बातमी म्हणजे एमपीडीए, गुंडांना स्थानबद्ध करायचा राज्याचा १९८१ चा कायदा. तिथे आरोप सिद्ध व्हायचा नसतोच. माणूस पुढे काय करील या अंदाजावर आयुक्त आदेश काढतात. घटनेच्या कलम २२ प्रमाणे तीन महिन्यांपुढे ठेवायचं तर सल्लागार मंडळाचा होकार लागतो, पण त्या मंडळापुढे वकील उभा करण्याचा हक्क नाही. मात्र इथे कमाल मुदत १२ महिन्यांची आहे. तेव्हा एमपीडीएच्या फलकावर ‘अनिश्चित काळ’ लिहिलंत की चुकलात. ‘खटल्याविना एक वर्ष’ एवढंच लिहा.

तिसरी, कच्चे कैदी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे चारातले तीन. कागदावर यांचा खटला ‘चालू’ असतो. खरी अनिश्चितता इथे आहे, कारण निकालाला मुदत नाही. यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा लागला तर आरोपपत्रालाच १८० दिवसांपर्यंत वेळ मिळू शकतो आणि जामिनाचं दार जवळजवळ बंद होतं. एल्गार परिषदेच्या, म्हणजे पुण्यात डिसेंबर २०१७ मध्ये झालेल्या सभेवरून उभ्या राहिलेल्या प्रकरणात यूएपीएखालच्या अटका जून २०१८ पासून सुरू झाल्या. त्यातले एक आरोपी, आदिवासींसाठी काम करणारे पाद्री स्टॅन स्वामी, ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, खटला उभा राहण्याआधीच कोठडीत असताना गेले. हे प्रकरण पुण्याचं, तेव्हा फलकावर आणलंत तर पोलिसांच्या विशेष शाखेचा माणूस तुमच्यापेक्षा आधी चौकात पोचलेला असेल. आणू नका असं आमचं म्हणणं नाही. आणाल तेव्हा पंधराच्या पंधरा जणांना त्याची कल्पना असू द्या, आयत्या वेळी तिघं बाजूला सरकली तर फार वाईट दिसतं.

या तिन्हींतली एकच निवडा. आमचं मत पहिलीला. कोठडीतली मारहाण चूक आहे हे मान्य करायला कुठल्याही विचाराच्या माणसाला स्वतःचा पक्ष सोडावा लागत नाही.

नारंगी कपड्यांचा हट्ट मात्र मुलांनी सोडलेला बरा. ग्वांतानामोचा तुरुंग ११ जानेवारी २००२ ला सुरू झाला, तिथे आजवर सुमारे ७८० माणसं ठेवली गेली आणि बहुतेकांवर आरोपपत्रसुद्धा नव्हतं. तिथल्या पहिल्या कैद्यांच्या अंगावर ते कपडे होते, म्हणून वॉशिंग्टनच्या रस्त्यावर त्यांना अर्थ आहे. आपल्याकडे तो रंग लांबून भगवा दिसतो आणि लोक वेगळंच काहीतरी समजून पुढे जातात. शिवाय कायद्याची अडचण आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली जे मनाई आदेश निघतात, त्यात काठ्या, दगड, शस्त्रं यांच्याबरोबर व्यक्तींचं किंवा पुतळ्यांचं प्रदर्शन आणि सोंगं-हावभाव हेही येतं. डोक्यावर काळी पिशवी घालून गुडघ्यावर बसलेला मुलगा त्यात नेमका बसतो. आणि तोंड झाकलेलं असलं की पोलिसांचा पहिला हात पिशवीलाच जातो. झटापट तिथूनच सुरू होते. चेहरे उघडे ठेवा. ती पिशवी तोंडावर असताना श्वासही नीट घेता येत नाही, जूनच्या दमट हवेत तर नाहीच.

काठ्यांचंही तेच. बांबूला ठोकलेला फलक म्हणजे पोलिसांच्या लेखी काठीच. फलक हातात धरायचा, नाहीतर दोरीने गळ्यात अडकवायचा. ५ मिलिमीटरचा सनबोर्ड घ्या, आकार २२ बाय २८ इंचांच्या ड्रॉइंग शीटएवढा किंवा त्याच्या निम्मा. जून आहे, तेव्हा कार्डशीट आणि स्केचपेन अजिबात नको. पहिल्या सरीत शाई ओघळते आणि फोटोत काही उरत नाही. व्हिनाइल प्रिंट चिकटवून घ्या किंवा ऑइल पेंटने रंगवा. अक्षर किमान तीन इंच उंच असेल तर रस्त्यापलीकडून सहज वाचता येतं. देवनागरीत वर वेलांट्या आणि खाली उकार असतात, त्यामुळे दोन ओळींत अक्षराच्या निम्म्या उंचीएवढी जागा सोडा, नाहीतर सगळं एकमेकांत गुंततं. एका फलकावर सहा-सात शब्द पुरे. ‘कोठडीतला मार हा तपास नव्हे’ एवढं बास. आणि ऱ्हस्व-दीर्घ कुणाकडून तरी तपासून घ्या. हे पुणं आहे, विषय बाजूला राहील आणि वेलांटीवर चर्चा होईल.

तारखेचं बघू. २६ जून हा छळपीडितांच्या समर्थनाचा आंतरराष्ट्रीय दिवस, कारण १९८७ साली याच तारखेला संयुक्त राष्ट्रांचा तो छळविरोधी करार अमलात आला. पण महाराष्ट्रात ती शाहू महाराजांची जयंती आहे आणि आदल्या दिवशी आणीबाणीचा स्मरणदिन, म्हणजे पुतळ्यांपाशी आणि चौकांत दोन्ही दिवस कार्यक्रम, बंदोबस्त ताणलेला. पालख्या त्या सुमाराला पुण्यात आहेत का तेही पंचांगात बघा. गुडलक चौक पालखीच्या वाटेवरच आहे. पालखीच्या आसपास परवानगी विसरा. तारीख जमली नाही तर सरळ दुसरा दिवस घ्या. आम्हाला तर दर महिन्याचा एक ठरलेला वार आणि तासभराची वेळ अधिक पटते. पहिल्यांदा लोक वळून बघतात, चौथ्या-पाचव्यांदा थांबून विचारतात.

आणीबाणीवरून सुचलं. मिसा या तेव्हाच्या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली खटल्याविना येरवड्यात राहिलेली माणसं पुण्यात अजून आहेत. राज्य सरकार अशांना मानधन देतं, म्हणजे विनाखटला डांबणं ही चूक होती हे सरकारनेच मान्य केलंय. अशा एखाद्या आजोबांना, मग ते संघाचे असोत की समाजवादी, पहिल्या रांगेत खुर्ची द्या. आणीबाणीत डांबलेल्यांना सुटकेसाठी कोर्टात दाद मागता येणार नाही असं १९७६ साली सुप्रीम कोर्टाने ठरवलं, तेव्हा पाच न्यायमूर्तींपैकी एकट्या न्या. खन्नांनी विरोधात निकाल लिहिला, हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं आठवत असेल. ‘तुम्ही कुठल्या पक्षाचे?’ हा प्रश्न त्यांना विचारायला कुणी धजत नाही.

रस्त्यावर उभं राहून काय होतं, असं घरचे म्हणतील तर त्यांना मथुरा नावाच्या मुलीचं प्रकरण सांगा. १९७२ साली आपल्याच राज्यात, चंद्रपूर भागात, पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला आणि सुप्रीम कोर्टाने पोलिसांना सोडून दिलं. १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातल्या वसुधा धागमवार पुणे विद्यापीठातल्या. पत्रावरून बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला: कोठडीतल्या बलात्कारात संमती नव्हती असं बाईने कोर्टात सांगितलं, तर तसंच गृहीत धरायचं. पत्रातला युक्तिवाद नेमका होता, म्हणून मोर्च्याला मागणी नेमकी मिळाली.

परवानगी. आधी हद्द कुणाची ते नक्की करा. गुडलक चौक डेक्कन पोलीस ठाण्याकडे, जिल्हाधिकारी कचेरी बंडगार्डनकडे. चौक बदलला की ठाणं बदलतं, कधी रस्त्याच्या दोन बाजू दोन ठाण्यांच्या असतात. आठ दिवस आधी वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे अर्ज द्या: तारीख, वेळ, नेमकी जागा, अंदाजे संख्या, ‘मूक निदर्शने, ध्वनिक्षेपक नाही, मिरवणूक नाही’, दोन जबाबदार व्यक्तींची नावं आणि मोबाइल. स्पीकर म्हटलात की वेगळी परवानगी, चालत निघालात की वाहतूक शाखा. जागेवर उभं राहणं सर्वात सोपं. दोन प्रती न्या आणि स्थळप्रतीवर, म्हणजे आपल्याकडे राहणाऱ्या प्रतीवर, आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय निघू नका. ‘साहेब नाहीत, ठेवून जा’ म्हणतील, थांबायचं. पुढे गोपनीयवाल्यांचा, म्हणजे ठाण्यातल्या माहिती काढणाऱ्या पोलिसांचा, फोन येईल: किती जण, कोण बोलणार, मागे कोण. सरळ उत्तरं द्या, पण बाकीच्यांची नावं-पत्ते सांगायची तुमच्यावर सक्ती नाही.

लेखी नकार क्वचितच येतो. आदल्या संध्याकाळी येते ती नोटीस, बीएनएसएस (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम १६८ ची, पूर्वीची १४९. ती ताकीद असते: कायदा-सुव्यवस्था बिघडली तर जबाबदार धरू. ती आली म्हणजे कार्यक्रमावर बंदी आली असं नाही. तारीख-वेळ टाकून ‘मिळाली’ एवढीच सही करा. बंदी आहे की नाही ते महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(३) च्या मनाई आदेशात बघा. आयुक्तांना तो एका वेळी १५ दिवसांपर्यंतच काढता येतो, म्हणून पुण्यात तो पुन्हा पुन्हा निघत राहतो आणि त्यात ‘परवानगीशिवाय पाच किंवा अधिक व्यक्ती’ असे शब्द असतात. शिक्का मारलेली स्थळप्रत त्या वेळी उपयोगी पडते, पण शिक्का म्हणजे परवानगी नव्हे, हेही मनात असू द्या.

त्या दिवशी साडेपाच ते साडेसहा. फुटपाथवर भिंतीला पाठ लावून एका रांगेत, पुढे माणसांना चालायला चार-पाच फूट मोकळे. पोलिसांशी एकच जण बोलेल आणि तो फलक धरणार नाही. एक जण समोरच्या बाजूला, गर्दीत न मिसळता. सगळ्यांच्या घरचे नंबर आणि वकिलाचा नंबर त्याच्याकडे कागदावर लिहिलेले. फोन जप्त होतात, कागद राहतो. पत्रकं ए-फाइव्ह आकाराची, तीन-चारशे पुरेत. फेकलेली जाताना उचलायची. कुणी भांडायला आलं तर पत्रक द्यायचं आणि गप्प राहायचं. अशा वेळी बिघडतं ते बहुतेक एकाच कारणाने, आपल्यातला एखादा उत्साही माणूस घोषणा सुरू करतो आणि ती अर्जात नसते.

उचललंच तर बहुधा पोलीस अधिनियमाच्या कलम ६८-६९ खाली नेऊन संध्याकाळी सोडतात. व्हॅनमध्ये ओढाताण न करता चढा, ठाण्यात ‘स्टेशन डायरीत नोंद करा’ असं सांगा. अटक दाखवली तर सगळं बदलतं: कारण लेखी हवं, अटकेच्या पंचनाम्यावर घरच्याची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची सही हवी, नातेवाइकाला कळवायला हवं, वैद्यकीय तपासणी हवी, २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करायला हवं. सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या डी. के. बसू निकालातून आलेले हे नियम आता बीएनएसएसमध्येच आहेत. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. कोऱ्या कागदावर सही नाही, कितीही उशीर झाला तरी.

राहिला पासपोर्ट. नेऊन सोडून दिलं एवढ्याने काही अडत नाही. मनाई आदेश मोडल्याचा गुन्हा दाखल झाला तरी नुसता एफआयआर म्हणजे प्रलंबित खटला होत नाही; आरोपपत्र जाऊन कोर्टाने दखल घेतली की होतो. तसं झालं तर अर्जात लपवू नका. लपवलेलं व्हेरिफिकेशनमध्ये निघतंच आणि तो वेगळा गुन्हा. खटला चालू असतानाही कोर्टाची परवानगी घेऊन पासपोर्ट मिळतो, वेळ लागतो इतकंच. मुलांपैकी कुणाची परदेशी प्रवेशाची प्रक्रिया याच महिन्यात चालू असेल, तर त्याला समोरच्या बाजूला, नंबरांचा कागद घेऊन उभं करा.